सोलारिस ८ वर ओपनएसएसएच बसवावे, की टेलनेट भिंतीआड कोंडावे?

लोहारकाम (चर्चाप्रस्ताव)

आमच्या कारखान्याच्या चाचणी विभागात सन कंपनीचे अल्ट्रा १० हे यंत्र अजून रोज चालते. ४४० मेगाहर्ट्‌झचा प्रोसेसर, सोलारिस ८ ही सनचीच ऑपरेटिंग सिस्टिम, आणि चाचणीयंत्रांकडून मोजमापे गोळा करणारा सी भाषेतला एक प्रोग्रॅम, ज्याचा सोर्स कोड आज कोणाकडेही नाही. तो प्रोग्रॅम बदलता येत नाही म्हणून यंत्र बदलता येत नाही, आणि यंत्र बदलता येत नाही म्हणून आम्ही आजही त्यात टेलनेटने, म्हणजे सारे काही उघड्या मजकुरात पाठवणाऱ्या जुन्या लॉगिन पद्धतीने, शिरतो.

गेल्या महिन्यात ऑडिटर आले असताना त्यांच्यासमोर मी रूट (सर्वाधिकारी यूजर) होऊन स्नूप हा नेटवर्कवरची ये-जा दाखवणारा प्रोग्रॅम चालवला आणि दुसऱ्या पीसीवरून एका सहकाऱ्याला लॉगिन करायला सांगितले. पासवर्ड टाइप करताना पडद्यावर काही उमटत नाही म्हणून आपण निर्धास्त असतो. स्नूपमध्ये मात्र टेलनेटच्या प्रत्येक ओळीच्या शेवटी एकेक अक्षर येत गेले आणि सहकाऱ्याचा पासवर्ड वरून खाली उभा वाचता आला. त्यात त्याच्या मुलीचे नाव होते, हे त्या खोलीतल्या चौघांनाही कळले.

माझे मत असे की, या यंत्रावर ओपनएसएसएच (एसएसएच या कूटबद्ध लॉगिन पद्धतीचा मुक्त प्रोग्रॅम) बसवलेच पाहिजे. एसएसएचचा जन्मच अशा चोरीतून झाला: हेलसिंकीच्या तंत्रविद्यापीठाच्या नेटवर्कवर पासवर्ड चोरले गेल्यानंतर १९९५ मध्ये तातू युलोनेन यांनी ते लिहिले. सनने स्वतःचे एसएसएच २००२ मध्ये सोलारिस ९ बरोबर दिले, सोलारिस ८ मध्ये ते नाही. म्हणजे झेडलिब व ओपनएसएसएल या त्याला लागणाऱ्या लायब्ररी आणि ओपनएसएसएच आपणच कंपाइल करायचे, एसएसएचडी (एसएसएचचा सर्व्हर प्रोग्रॅम) याच नावाचा वेगळा यूजर करायचा, आणि /व्हार/एम्प्टी ही रिकामी डिरेक्टरी रूटच्या मालकीची ठेवायची. काम दोन दिवसांचे आहे, पण ते करण्याजोगे आहे की नाही, यावर मते हवी आहेत.

रात्रपाळी

मूळ प्रस्तावाशी असहमत. चालत्या यंत्राला हात लावू नये हा आळशी माणसाचा नियम वाटतो, पण जुन्या सन यंत्रांच्या बाबतीत तो अनुभवाचा आहे. अल्ट्रा १० मध्ये यंत्राचा होस्ट आयडी (ओळखक्रमांक) आणि नेटवर्क पत्ता एका एनव्हीरॅम (वीज गेली तरी माहिती धरून ठेवणाऱ्या) चिपमध्ये असतो आणि त्या चिपची बॅटरी तिच्या पोटातच असते. तुमच्या यंत्राचे वय पाहता ती केव्हाच संपली असणार. ओपनएसएसएचला यादृच्छिक आकडे पुरवण्यासाठी सोलारिस ८ वर पॅच लावून रिबूट करावे लागेल. त्यानंतर यंत्र स्वतःचीच ओळख विसरून उठले आणि प्रोग्रॅमचा परवाना होस्ट आयडीला बांधलेला असला, तर ऑडिटर परवडले असे म्हणण्याची पाळी येईल.

यापेक्षा दोन नेटवर्क पोर्टांची एक छोटी लिनक्स पेटी त्या यंत्राशेजारी ठेवावी. लोक एसएसएचने पेटीत येतील आणि पेटीतून टेलनेटने यंत्रात जातील. टेलनेट राहील, पण एक मीटर केबलपुरते, आणि ती केबल कुलूपबंद कपाटात असेल. पेटी दर आठवड्याला अद्ययावत करता येते, सोलारिस ८ ला तसे करता येत नाही. फरक एवढाच आहे, आणि माझ्या मते तो निर्णायक आहे.

कळफलक

रात्रपाळी यांनी ज्या पॅचचा उल्लेख केला, त्याचा क्रमांक स्पार्कसाठी ११२४३८ आहे, आणि तो टाळून पुढे जाण्याचा मोह कोणालाही होऊ नये म्हणून सविस्तर लिहितो. सोलारिस ८ मध्ये मुळात /डेव्ह/रँडम, म्हणजे यादृच्छिक आकडे पुरवणारी सोय, नाही. पॅच नसेल तर पीआरएनजीडीसारखा वेगळा प्रोग्रॅम चालवून, प्रणालीतल्या निरनिराळ्या कमांडांच्या निकालांतून अनिश्चितता गोळा करावी लागते. हे चालते, पण ते कधी मूकपणे बिघडले तर कोणाला कळत नाही. डेबियन या लिनक्सच्या प्रकारात २००६ पासून २००८ पर्यंत नेमके हेच झाले: ओपनएसएसएलमधल्या एका बदलामुळे किल्लीमागची (कूटबद्धतेसाठीच्या गुप्त आकड्यामागची) अनिश्चितता जवळजवळ प्रोसेस क्रमांकापुरती उरली, आणि तो क्रमांक ३२,७६८ च्या आतलाच असल्याने एका प्रकारच्या सर्व संभाव्य किल्ल्यांची यादी कोणालाही करता येऊ लागली. त्या काळात लॉगिन बिनतक्रार होत होते, किल्ल्या दिसायलाही ठीक होत्या.

दुसरा मुद्दा आवृत्तीचा. ओपनएसएसएल १.१.१ चा मोफत आधार सप्टेंबर २०२३ मध्ये संपला. त्यानंतरच्या ३ मालिकेला सी भाषेचा कंपायलर आणि पर्ल ५.१० लागते, सोलारिस ८ सोबत पर्ल ५.००५ येते, म्हणजे ओपनएसएसएलसाठी आधी पर्ल, पर्लसाठी आधी नवा जीसीसी कंपायलर, अशी ही उतरंड वाढत जाते. मी असतो तर ओपनएसएसएलला वगळूनच ओपनएसएसएच कंपाइल केले असते. तसे करता येते; मग आरएसए वगैरे जुने किल्लीप्रकार जातात आणि मुख्यतः एड२५५१९ किल्ल्या उरतात, ज्यांचे गणित ४४० मेगाहर्ट्‌झच्या यंत्राला आरएसएपेक्षा कितीतरी हलके पडते. पुटी या विंडोजवरच्या एसएसएच क्लायंटलाही २०१७ च्या ०.६८ आवृत्तीपासून या किल्ल्या कळतात. अर्थात आजचा कोड इतक्या जुन्या लायब्ररीवर पहिल्या फटक्यात कंपाइल होईल असे गृहीत धरू नये.

रात्रपाळी

कळफलक यांनी नकळत माझीच बाजू मांडली. ही उतरंड एकदा चढता येईल, दर वर्षी कोण चढणार? प्रत्यक्षात लोक काय करतात ते सांगतो: कुठून तरी वीस वर्षांपूर्वीचे तयार पॅकेज मिळवतात, पीकेजीअ‍ॅडने बसवतात आणि ऑडिटच्या रकान्यात खूण करतात. ४.४ च्या आधीच्या ओपनएसएसएचमध्ये सिग्नल हाताळणीची जी चूक होती ती २००६ मध्ये दुरुस्त झाली. तीच चूक ८.५ मध्ये पुन्हा शिरली आणि २०२४ मध्ये लिनक्सवर पुन्हा सापडली, तेव्हा लिनक्सवाल्यांना दुरुस्ती लगेच मिळाली. तुमच्या अल्ट्रा १० ला ती कोण देणार होते?

शिवाय जुना सर्व्हर नव्या क्लायंटला बिघडवतो. २०१५ च्या ७.० आवृत्तीने ग्रुप१ ही किल्ली-देवाणघेवाण आपणहून बंद ठेवली, २०२१ च्या ८.८ ने एसएचए-१ वर आधारलेल्या आरएसए सह्या बंद ठेवल्या. मग जोडणी होत नाही म्हणून कोणीतरी आपल्या लॅपटॉपच्या कॉन्फिग फाइलमध्ये सर्व होस्टांसाठी हे दोन्ही पुन्हा चालू करते. एका म्हाताऱ्या यंत्रासाठी सगळ्या घराच्या कड्या सैल झाल्या.

अनघड

दोन्ही पक्ष लॉगिनच्या रस्त्याबद्दल बोलत आहेत, दाराबद्दल कोणीच बोलत नाही. सोलारिस ८ चे पासवर्ड डीईएस क्रिप्ट या जुन्या कूटपद्धतीने साठवले जातात आणि त्यात पहिली ८ अक्षरेच मोजली जातात. तुम्ही १५ अक्षरांचा पासवर्ड ठेवलात तरी नववे अक्षर चुकवून पाहा, लॉगिन होते. म्हणजे एसएसएच बसवून पासवर्डने लॉगिन चालू ठेवणे म्हणजे नवा रस्ता बांधून जुनेच कुलूप लावणे होय. किल्लीनेच प्रवेश आणि पासवर्ड बंद, हे दोन्ही करणार नसाल तर दोन दिवस वाया घालवू नका.

पेटीबद्दलही शंका आहे. पेटीत शिरण्याचा अधिकार असलेल्या प्रत्येकाला पुढे टेलनेटसाठी तोच सामायिक पासवर्ड द्यावा लागेल, आणि पेटीवर रूट असलेला माणूस तो वाचू शकेल.

तिसरा मार्ग म्हणून सोलारिस १० वरचे सोलारिस ८ कंटेनर (नव्या प्रणालीच्या आत जुनी प्रणाली चालवणारे कप्पे) पाहिले आहेत का? सनने ते २००७ मध्ये आणले होते. फ्लारक्रिएटने जुन्या यंत्राची प्रतिमा घ्यायची आणि नव्या स्पार्क यंत्रावर ती चालवायची.

लोहारकाम

सर्वांचे आभार. अनघड, कंटेनरचा विचार झाला होता, परंतु आमचा प्रोग्रॅम काही मोजमापे थेट सीरियल पोर्टवरून वाचतो आणि सोर्स कोडशिवाय ती जोखीम घ्यायची आमची तयारी नाही. आठ अक्षरांचा प्रयोग मात्र लगेच करून पाहिला. नववे अक्षर चुकवूनही लॉगिन झाले.

रात्रपाळी, एनव्हीरॅमची भीती रास्त आहे, पण ती वीज तोडण्याची भीती आहे, रिबूटची नव्हे. रिबूटमध्ये वीज जात नाही, त्यामुळे चिपमधली माहिती टिकते. तरीही होस्ट आयडी आणि नेटवर्क पत्ता कागदावर लिहून यंत्राच्या पाठीवर चिकटवला आहे.

दरम्यान मी थांबलो नाही, हे कबूल करतो. भंगारवाल्याकडून आणलेल्या अल्ट्रा ५ वर कळफलक यांच्या पद्धतीने ओपनएसएसएलविना कंपाइल केले. तीन फाइलींत हात घालावा लागला, पण झाले. यूएफएसडम्पने अल्ट्रा १० च्या मूळ डिस्कची प्रत घेतली, पॅच लावला, रिबूट केले, यंत्र उठले. मग उत्साहात आयनेटडी.कॉन्फ या नेटवर्क सेवांच्या यादीतली टेलनेटची ओळ बंद केली आणि ती यादी पुन्हा वाचावी म्हणून आयनेटडीला एचयूपी सिग्नल दिला. एसएसएचडी सुरू झाले आहे का, हे पाहायचे राहून गेले. ते सुरू झालेच नव्हते, कारण /व्हार/एम्प्टीवर ग्रुपला लिहिण्याची परवानगी राहिली होती आणि तेवढ्यावरून ते उठायला नकार देते. त्या रात्री सीरियल केबल लॅपटॉपला लावून, जमिनीवर बसून परवानगी ७५५ केली.

रात्रपाळी

सीरियल केबल होती म्हणून निभावले. टेलनेट आणखी आठवडाभर चालू ठेवून मग बंद करायला हवे होते. यंत्र उठले याचा आनंद आहे, माझा विरोध कायम आहे. पुढच्या दुरुस्तीच्या वेळी तो अल्ट्रा ५ चालू असेल का, आणि त्या तीन फाइलींतले बदल तुम्ही कुठे नोंदवले आहेत का? आणि एक विचारायचे राहिले. आयनेटडी.कॉन्फमधली टेलनेटची ओळ बंद केलीत, तिच्या शेजारची एफटीपीची ओळ? तीही पासवर्ड उघडाच पाठवते.

लोहारकाम

बदलांची फाइल आजच दोन ठिकाणी ठेवतो. एफटीपी चालू आहे. चाचणीयंत्रांच्या नियंत्रकांना मोजमापे पाठवण्याचा तोच एक मार्ग ठाऊक आहे आणि त्यांचे पासवर्ड त्यांच्या रॉममध्ये कोरलेले आहेत. त्या चार नियंत्रकांना आणि अल्ट्रा १० ला बाकीच्या नेटवर्कपासून वेगळे काढावे लागेल, म्हणजे तुमची पेटी येणार. दोन नेटवर्क पोर्टांची, पंखा नसलेली एखादी सुचवाल का? आमच्या विभागात धूळ फार आहे.