सुपरट्रॅम्प आणि टेन सीसी: हळुवार सुरांमागची बांधणी

सुपरट्रॅम्प या ब्रिटिश बँडचा ‘क्राइम ऑफ द सेंच्युरी’ (१९७४) आणि टेन सीसी या दुसऱ्या ब्रिटिश बँडचा ‘दि ओरिजिनल साउंडट्रॅक’ (१९७५) हे दोन्ही अल्बम निव्वळ श्रवणीय सॉफ्ट रॉक (रॉक संगीताचा हळुवार प्रकार) आहेत, असे मत मांडले जाते; ते मला पटत नाही. एकट्या हार्मोनिकाने सुरू होऊन पियानोच्या भागात चढत जाणारे सुपरट्रॅम्पचे ‘स्कूल’ हे गाणे रचनेने प्रोग्रेसिव्ह रॉकच, म्हणजे गुंतागुंतीच्या, बदलत जाणाऱ्या बांधणीचे रॉक आहे. टेन सीसीचे ‘आय ॲम नॉट इन लव्ह’ कानाला हळुवार लागते खरे, परंतु त्यामागे बँडमधल्या तिघांनी प्रत्येक स्वर १६ वेळा गाऊन साठवलेले, दर स्वराला ४८ आवाज आहेत, आणि टेपच्या वेटोळ्यांवर सतत फिरणारे ते आवाज मिक्सिंग डेस्कच्या फेडरवर (आवाज कमी-जास्त करणाऱ्या सरकत्या बटणांवर) अक्षरशः वाद्यासारखे वाजवले गेले. तरीही अल्बम म्हणून मी सुपरट्रॅम्पलाच झुकते माप देईन, कारण त्यातील आठही गाणी एकाच एकटेपणाच्या सुरात बांधलेली आहेत.