मुख्याध्यापकाचा आठवडा: शिक्षकांसाठी वेळ काढायचा कुठून?

नवी_जबाबदारी
हायस्कूलच्या मुख्याध्यापकपदाचं काम नुकतंच हाती घेतलंय. 40 शिक्षक, 9 शिक्षकेतर कर्मचारी, 24 तुकड्या, रोज 40 मिनिटांचे 8 तास, आठवड्याचे पाच दिवस. मदतीला एक उपमुख्याध्यापक आणि दोन पर्यवेक्षक. सगळा दिवस सह्या, फोन आणि पालकांच्या भेटी यांत जातो आणि शिक्षकांकडे बघायचं राहून जातं. बदली तासांवरून, म्हणजे रजेवरच्या शिक्षकाच्या जागी घ्यायच्या तासांवरून, स्टाफरूममध्ये सारखी कुरबुर असते. वर्गनिरीक्षण म्हटलं की सगळे धास्तावतात. तीन शिक्षक अगदी नवे आहेत, एकजण रोज उशिरा येतात. आठवडा नेमका कसा आखावा? तत्त्वं नकोत, प्रत्यक्ष पद्धत सांगा.

तासांचा_तक्ता
सुरुवात बदली तासांपासून करा. शिक्षकांचा तुमच्यावरचा विश्वास सर्वांत आधी इथेच बसतो किंवा उडतो.

तुमचेच आकडे घेऊ. 24 तुकड्या गुणिले 40 तास म्हणजे आठवड्याला 960 तास. 40 शिक्षकांत वाटले तर प्रत्येकी सरासरी 24 तास येतात, 16 मोकळे राहतात. रोज तिघे रजेवर धरले तर चौदा-पंधरा तास उघडे पडतात. उरलेल्या 37 जणांत ते सारखे वाटले, तर माणशी आठवड्याला दोन बदली तास. एवढ्यावरून कोणी भांडत नाही. भांडण होतं ते तेच तास नेहमीच्या दहा-बारा जणांच्या गळ्यात पडतात म्हणून. ज्यांचे मोकळे तास दिवसाच्या मधोमध आहेत आणि जे नाही म्हणत नाहीत, ते कायम सापडतात.

उपाय वेळापत्रकातच आहे. आठवड्याच्या 40 तासांपैकी प्रत्येक तासाला दोन नावं ‘राखीव’ म्हणून आधीच लिहून टाका. 40 दुणे 80, म्हणजे प्रत्येकाच्या वाट्याला दोनच राखीव तास येतात आणि ते कोणते हे सत्राच्या पहिल्या दिवशीच कळतं. बाकीचे 14 मोकळे तास पक्के मोकळे. वह्या तपासायच्या, प्रयोगाची तयारी करायची, तर माणूस त्या भरवशावर बेत करू शकतो. सलग तीन तास शिकवून आलेल्याला चौथा तास राखीव टाकू नका. एका तासाला दोनपेक्षा जास्त वर्ग उघडे पडले तर तिसऱ्यावर पर्यवेक्षक, चौथ्यावर तुम्ही स्वतः.

रजेचा निरोप पहिल्या घंटेच्या एक तास आधी, बदलीचा कागद फळ्यावर घंटेच्या 15 मिनिटं आधी. कागद उशिरा लागला की शिक्षक वर्गात उशिरा पोचतो आणि त्या वर्गाचा सबंध दिवस विस्कटतो. त्याच फळ्यावर सत्राच्या सुरुवातीपासूनची नावानिशी बेरीज लावा. बेरीज सगळ्यांना दिसत असली की निम्म्या तक्रारी आपोआप गळतात.

एक गोष्ट मला फार खटकते म्हणून लिहितो. चित्रकला आणि खेळाच्या शिक्षकांना बऱ्याच शाळांत ‘मोकळे’ समजतात. त्यांचा स्वतःचा तास काढून गणिताला देतात, वर बदलीलाही त्यांनाच पाठवतात. तुम्ही ‘सगळे विषय सारखे’ असं शंभर वेळा म्हणालात तरी वेळापत्रकात दिसतं तेच खरं धरलं जातं.

फळ्यापासून_मागच्या_बाकापर्यंत
वर्गनिरीक्षणाचं सांगतो. धास्ती बसते कारण निरीक्षण वर्षातून एकदा, पूर्ण तासाचं आणि लॉगबुकात शेरा मारण्यासाठी होतं. ते लहान आणि नेहमीचं करा. रोज दोन वर्ग, प्रत्येकी 15 मिनिटं. आठवड्याला दहा होतात, चार आठवड्यांत चाळीसही शिक्षक एकदा होतात. त्याच दिवशी प्रत्येकाशी दहा मिनिटं बोलायचं. म्हणजे रोजची 50 मिनिटं. एवढी वेळ तुमच्या वहीत शाईने लिहिलेली हवी आणि त्या वेळेत फोन कार्यालयातल्या लिपिकाकडे.

बोलणं टाळून नुसत्या फेऱ्या मारल्या तर उपयोग होत नाही. ग्रिसम, लोब आणि मास्टर या तीन संशोधकांनी अमेरिकेतल्या मायामी-डेड भागातल्या सुमारे 100 शाळांत मुख्याध्यापकांचा वेळ कुठे जातो हे प्रत्यक्ष सोबत राहून नोंदवलं. अभ्यास 2013 साली प्रसिद्ध झाला. अध्यापनाशी संबंधित कामाला जेमतेम 12.7 टक्के वेळ मिळत होता आणि त्यातला सर्वांत मोठा वाटा वर्गांवरून मारलेल्या धावत्या फेऱ्यांचा होता. जिथे शिक्षकाला शिकवण्याबद्दल प्रत्यक्ष मार्गदर्शन मिळत होतं, तिथे मुलांची प्रगती चांगली दिसली. नुसत्या फेऱ्यांचा संबंध उलटा निघाला, तोही विशेषतः हायस्कुलांत.

वर्गात गेल्यावर मागे बसा, दाराशी उभं राहू नका. तपासणीचा तक्ता नको, साधी वही पुरते. डावीकडे घड्याळाची वेळ, उजवीकडे जे दिसलं आणि ऐकू आलं ते. ‘वर्गनियंत्रण चांगले’ हा शेरा झाला, निरीक्षण नाही. ‘10.42, प्रश्न: बाष्पीभवन कशाने वाढतं? लगेच स्वतःच उत्तर’ हे निरीक्षण. मेरी बड रो या अमेरिकन शिक्षण-संशोधकांनी 1970 च्या दशकात वर्गांच्या ध्वनिफिती तपासून दाखवलं की प्रश्न विचारल्यावर शिक्षक सरासरी एखादाच सेकंद थांबतात. हा थांबा तीन सेकंदांपर्यंत नेला की उत्तरं लांबतात, एरवी गप्प असणारी मुलंही बोलू लागतात. शिक्षकाला सांगायची गोष्ट ही एवढीच आणि एवढी नेमकी असावी: ‘उद्याच्या तासात तीन प्रश्नांनंतर मनात तीन आकडे मोजा. परवा तिसऱ्या तासाला मी पाच मिनिटं येतो.’ एका वेळी एकच बदल. चार सांगितले तर एकही होत नाही.

आणि वेळ फिरती ठेवा. नेहमी दुसऱ्या तासाच्या सुरुवातीलाच गेलात तर तुम्हाला फक्त हजेरी आणि प्रस्तावना दिसेल. शेवटची दहा मिनिटं, मधल्या सुट्टीनंतरचा तास, दिवसाचा आठवा तास हेही बघा. दमलेला वर्ग वेगळाच असतो, आणि शिक्षकाला मदत लागते ती बहुधा तिथेच.

दार_बंद_करून_बोला
वरचं पटलं, फक्त एक भर. पहिल्या महिनाभरात अचानक जाऊ नका. कोणत्या आठवड्यात कोणाकडे येणार, ते आदल्या शुक्रवारी कळवा. पुढे सवय झाली की न सांगता गेलात तरी कोणी दचकत नाही.

आता उशिरा येणाऱ्या शिक्षकांबद्दल. सर्वांत वाईट उपाय म्हणजे सगळ्यांसाठी परिपत्रक काढणं: ‘सर्व शिक्षकांनी वेळेवर यावे.’ ज्याच्यासाठी लिहिलं त्याला ते लागत नाही, आणि वेळेवर येणाऱ्या 39 जणांचा विनाकारण अपमान होतो.

आधी दोन आठवड्यांच्या तारखा आणि मिनिटं हजेरीपटावरून उतरवून घ्या. मग एकट्यांना बोलवा, तेही सकाळी नको आणि शुक्रवारी शाळा सुटतानाही नको. आठवड्याच्या मधला, त्यांचा पुढचा तास मोकळा असलेला वेळ निवडा, म्हणजे बोलून लगेच वर्गावर उभं राहावं लागत नाही. पहिलं वाक्य आकड्यांचं: ‘गेल्या दहा दिवसांत सहा वेळा तुम्ही घंटेनंतर आलात, पहिल्या तासाचा वर्ग तेवढा वेळ एकटा होता.’ मग कारण विचारा आणि गप्प राहा. घरी आजारपण असेल, येण्याजाण्याची अडचण असेल. पहिला तास काही काळापुरता दुसऱ्याला देऊन प्रश्न सुटत असेल तर द्या, पण किती आठवडे ते ठरवूनच. पुन्हा भेटायची तारीख तिथेच ठरवा आणि काय ठरलं ते तीन ओळींत लिहून त्याच दिवशी त्यांना द्या. ही नोंद नसेल तर पुढच्या खेपेला सगळं पहिल्यापासून सुरू होतं.

पालकांच्या तक्रारीतही हेच. शिक्षकाला पालकांसमोर जाब विचारू नका. पालकांचं ऐका, लिहून घ्या, ‘चौकशी करून अमुक दिवशी कळवतो’ म्हणा. मग शिक्षकाची बाजू एकांतात ऐका. मात्र मुलाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तर हे थांबणं नाही. त्यासाठी ठरलेली कार्यपद्धत त्याच क्षणी सुरू करायची.

नवी_जबाबदारी
फार उपयोगी, आभार. राखीव तासांचा हिशेब आजच करायला घेतो. नव्या शिक्षकांचं आणि सभांचं कोणी सांगेल का? आणि परीक्षा आल्या की हे सगळं कोलमडतं, त्याचं काय करायचं?

तासांचा_तक्ता
नव्यांना सर्वांत अवघड तुकडी आणि सर्वांत जास्त तास देण्याची चाल अनेक ठिकाणी आहे, ती मोडा. त्यांचे आठवड्याचे दोन-तीन तास कमी करा. त्यांच्याच विषयाचा अनुभवी शिक्षक जोडीला द्या आणि दोघांचा एक तास एकाच वेळी मोकळा ठेवा. नाव कागदावर जोडलं पण सामाईक वेळ दिला नाही, तर ती जोडी पहिल्या महिन्यातच सुटते. तुम्ही स्वतः आठवड्यातून 20 मिनिटं तिघांना एकत्र भेटा. ‘कसं चाललंय?’ विचारलं तर ‘छान’ एवढंच उत्तर येईल. ‘या आठवड्यात कोणत्या तुकडीत, तासाच्या कितव्या मिनिटाला वर्ग हातचा सुटला?’ असं विचारा.

फळ्यापासून_मागच्या_बाकापर्यंत
सभा म्हणजे सूचना वाचून दाखवणं नव्हे. सूचना शुक्रवारी दुपारी एका पानावर द्या: पुढच्या आठवड्यात काय, कुठे, कोणाकडे. सभा पंधरवड्यातून एक, 45 मिनिटांची, आणि ज्यावर निर्णय घ्यायचाय तेवढेच दोन विषय. उठण्याआधी फळ्यावर काम, नाव आणि तारीख लिहिलेली हवी. शिपाई, लिपिक, प्रयोगशाळा सहायक यांच्याशी महिन्यातून एकदा वेगळं बसा. कोणता नळ गळतो, कोणत्या वर्गाची मुलं मागच्या जिन्यात थांबतात, हे त्यांना तुमच्याआधी माहीत असतं.

परीक्षेचा आठवडा तसा हिशेबाने ओळखू येतो. एका शिक्षकाकडे पाच तुकड्या, प्रत्येकी 40 मुलं, म्हणजे 200 उत्तरपत्रिका. एकीला सहा मिनिटं धरली तरी घड्याळाचे 20 तास होतात, आणि वर्गात शिकवणं सुरूच असतं. त्या काळात सभा नको, निरीक्षण नको, नवे तक्ते भरायला देऊ नका. गुण देण्याची शेवटची तारीख विषयागणिक दोन टप्प्यांत ठेवा: कमी उत्तरपत्रिकांचे विषय आधी, भाषा आणि लांब उत्तरांचे विषय तीन दिवसांनी. सगळ्यांना एकच तारीख दिली की भाषेचे शिक्षक रात्री जागतात, आणि गुणांच्या बेरजेतल्या चुका निस्तरायला पुढचा आठवडा जातो.

दार_बंद_करून_बोला
तुमच्या स्वतःच्या आठवड्यात रोजच्या आठपैकी निदान तीन तास कोरे सोडा. सगळं भरून टाकलं तर पहिल्याच आणीबाणीत निरीक्षणाचा वेळ बळी जातो. एखादा वर्ग बघायचा राहिलाच, तर त्या शिक्षकाला त्याच दिवशी नवी वेळ कळवा. आणि संध्याकाळी सातनंतर शिक्षकांच्या ग्रुपवर संदेश नकोत. रात्री सुचलं तर लिहून ठेवा, सकाळी पाठवा.