मुंगीला साखर आणि भावाला टोमणा: अहिंसा ही साधना नेमकी कशी होते?

पायवाट (प्रश्न):
सर्व जाणकारांना नमस्कार. गेली सहा वर्षे मी मांसाहार सोडला आहे, दर शनिवारी घरामागच्या वारुळाशी पीठसाखर घालतो आणि न्हाणीघरात झुरळ निघाले तरी ते मारत नाही, डब्यात धरून बाहेर सोडतो. आपण अहिंसेच्या वाटेवर थोडेफार पुढे आलो आहोत, असा माझा समज होता. मागच्या आठवड्यात गावाकडच्या घराच्या दुरुस्तीचा खर्च वाटून घेण्यावरून धाकट्या भावाशी फोनवर बोलणे झाले. मी आवाज चढवला नाही की अपशब्द वापरला नाही. फक्त "तुझ्याकडून मला अपेक्षा नव्हतीच" एवढे म्हणालो. तो क्षणभर गप्प राहिला आणि त्याने फोन ठेवला. शेजारी भाजी निवडत बसलेली पत्नी मान वर न करता म्हणाली, "मुंग्यांचं नशीब थोर."

तेव्हापासून दोन प्रश्न डोक्यात घोळत आहेत. अहिंसा हा स्वतंत्र मार्ग आहे, की भक्तीची आणि ध्यानाची नुसती पूर्वतयारी? आणि मनात सद्भाव नसताना केवळ आचरणाने तो निर्माण होऊ शकतो का?

जुनी पोथी:
आपल्या पत्नीने नकळत पतंजलींच्या योगसूत्रांवरची जुनी टीका, व्यासभाष्यच आपल्याला ऐकवले आहे. पतंजलींनी पाच यमांत, म्हणजे साधकाने पाळायच्या संयमांत, अहिंसा पहिली ठेवली आणि दुसऱ्या पादाच्या (प्रकरणाच्या) 31व्या सूत्रात सांगितले की जात, देश, काळ आणि प्रसंग यांच्या मर्यादा ज्यांना नाहीत तेच यम 'महाव्रत' ठरतात. भाष्यकार मर्यादित अहिंसेचे उदाहरण म्हणून मासे मारणारा माणूस घेतात: त्याची हिंसा फक्त माशांपुरती असते, इतरत्र तो कोणाला मारत नाही. आपण त्याच व्रताला दुसऱ्या बाजूने कुंपण घातले आहे, एवढाच फरक. पुढे 34व्या सूत्रात हिंसा स्वतः केलेली, दुसऱ्याकडून करवलेली आणि नुसती मान डोलावून मान्य केलेली अशी तीन प्रकारची सांगितली आहे. लोभ, क्रोध, मोह ही तिची तीन कारणे आणि सौम्य, मध्यम, तीव्र या तिच्या तीन मात्रा धरून भाष्यकार 27 भेद मोजतात. सौम्य मात्रेची हिंसा हीसुद्धा हिंसाच, हे या मोजणीतून निसटत नाही. आवाज चढवला नाही हा आपला बचाव त्यामुळे फारसा टिकत नाही, क्षमस्व.

मात्र मला अधिक मोलाचा वाटतो तो ज्ञानेश्वरीचा तेरावा अध्याय. गीतेत 'अहिंसा' हा एकच शब्द आहे. ज्ञानेश्वर त्यावर दीर्घ विवेचन करतात आणि त्याची सुरुवात खोट्या अहिंसेपासून करतात. राहती घरे मोडून देव्हारे बांधावेत किंवा व्यापारात लोकांना नागवून अन्नछत्र घालावे, तशी ती अहिंसा. (आपल्या पीठसाखरेला मी त्या पंक्तीत बसवत नाही, पण पंगत ओळखून ठेवावी.) मग खऱ्या अहिंसकाची चाल येते: 'कां कमळावरी भ्रमर । पाय ठेविती हळुवार । कुचुंबैल केसर । इया शंका ॥' (केसर चुरगळेल या शंकेने) आणि त्यानंतर बोलणे: 'पुढां स्नेह पाझरे । माघां चालती अक्षरें । शब्द पाठीं अवतरे । कृपा आधीं ॥' येथे क्रम पाहावा. आधी कृपा, मग शब्द. आपल्या फोनवर शब्द एकटाच पुढे गेला.

दुसऱ्या प्रश्नाचे उत्तरही तेथेच आहे. जे मनात नाही ते वाचेत कसे उमटेल, बीज नसताना जमिनीतून अंकुर कसा निघेल, असे माउली विचारतात. म्हणजे मन आधी.

मौनाचा दहावा दिवस:
वरील प्रतिसाद उत्तम आहे, पण 'मन आधी' एवढ्यावर साधकाचे भागत नाही, कारण मनाला आज्ञा करून प्रेम आणता येत नाही. मी इगतपुरीच्या धम्मगिरी या विपश्यना केंद्रात दोनदा दहा दिवसांचे शिबिर केले आहे. तेथे पहिल्या संध्याकाळीच हिंसा न करण्याचे शील (व्रत) घ्यावे लागते आणि मौन सुरू होते. मंगल मैत्री, म्हणजे सर्वांविषयी सद्भाव जागवण्याचे ध्यान, मात्र दहाव्या दिवशी शिकवतात. मधले सगळे दिवस स्वतःच्या शरीरात राग कसा तापतो, हे पाहण्यात जातात. थोडक्यात, आधी हात आणि जीभ आवरायची, मग पाहायचे आणि मैत्री शेवटी. बुद्धघोष या बौद्ध आचार्यांच्या विशुद्धिमार्ग या ग्रंथातही मैत्रीभावना स्वतःपासून सुरू होते, नंतर प्रिय व्यक्ती, मग तटस्थ आणि सर्वांत शेवटी वैरी. भाऊ यांपैकी कोणत्या रांगेत बसतो, हे ठरवणेच मला तरी सर्वांत अवघड गेले.

काळी माती:
आपणा दोघांच्याही हातात फवारणीचा पंप नाही, म्हणून लिहितो. माझी आठ एकर कपाशी आहे. गुलाबी बोंडअळी मारल्याशिवाय ती घरी येत नाही, त्यामुळे अहिंसा हे 'महाव्रत' माझ्या आवाक्याबाहेरचे आहे, हे मी मान्य करून टाकले आहे. पण जे जमते ते करतो. कामगंध सापळे (मादीच्या गंधाने नर पतंगांना ओढणारे) लावतो आणि सलग तीन दिवस एका सापळ्यात आठ-दहा पतंग सापडल्याशिवाय औषध काढत नाही. तोवर निंबोळी अर्कावर निभावतो. फुलोऱ्यात फवारायची वेळ आलीच, तर मधमाश्या परतल्यावर, संध्याकाळी फवारतो. यात दया किती आणि औषधाचा वाचलेला खर्च किती, हे मला वेगळे काढता येत नाही.

खरी परीक्षा मात्र अळीपाशी होत नाही, बांधापाशी होते. शेजाऱ्याने बांध कोरला की आपणही नांगराचे एक तास (नांगराची ओळ) पलीकडे घ्यायचे, ही आमच्याकडची रीत. दोन वर्षांपूर्वी मी माझ्या बाजूने एक तास सोडून नांगरले. शेजाऱ्याने त्याचा काय अर्थ घेतला हे अजून कळलेले नाही, कारण त्याने तेही तास नांगरून टाकले. तरी त्याच्या विहिरीवरून जाताना माझी मान आता ताठ होत नाही, एवढा फरक मला जाणवतो.

पायवाट:
सर्वांचे आभार. काल रात्री भावाला फोन केला. दिलगिरी व्यक्त करताना 'पण' हा शब्द दोनदा जिभेवर आला. एकदा गिळता आला, दुसऱ्यांदा निसटला. तो हसला नाही आणि रागावलाही नाही. रविवारी मिस्त्री कौले पाहायला येणार आहे, यायचे असेल तर सकाळच्या गाडीने ये, एवढेच म्हणाला. मी जाणार आहे.