“वीस वर्षे काही झाले नाही” : ट्रॅक्टरभोवतीचा धोका तोलायचा कसा?

जिंतूरचा शेतकरी

नमस्कार. सात वर्षे पुण्यात नोकरी करून मी गेल्या वर्षी जिंतूर तालुक्यातील गावी परतलो. वडिलांचा ट्रॅक्टर, रोटाव्हेटर, ट्रॉली आणि आमच्याकडे ज्याला हडंबा म्हणतात ते मळणी यंत्र आता माझ्याकडे आहे. सोयाबीनच्या दिवसांत आजूबाजूच्या गावांतही भाड्याने जावे लागते.

माझी अडचण अशी की मला जिकडे पाहावे तिकडे धोका दिसतो आणि आमच्या चालकाला तो कुठेच दिसत नाही. मडगार्डवर बसलेला पोरगा, फिरता पीटीओ शाफ्ट (इंजिनाची ताकद मागच्या औजाराला देणारा दांडा) ओलांडून जाणारा मजूर, सेल्फ लागत नाही म्हणून चाकापाशी उभे राहून पान्याने स्टार्टरची टोके जोडणे, उचललेल्या रोटाव्हेटरखाली आडवे होऊन पाती बदलणे, हे सारे रोजचेच आहे. काही बोललो की “वीस वर्षे हेच करतोय, काही झाले का?” असे तो विचारतो, आणि खरोखरच काही झालेले नसल्यामुळे मी गप्प बसतो. शेवटी मी एक वही केली आणि वर्षभरात जे जितक्या वेळा घडले त्यानुसार क्रम लावला. डोळ्यात गेलेला भुसा आणि बोटांना बसलेला पान्याचा मार सर्वांत वर आले. शाफ्ट सर्वांत खाली गेला. हा क्रम चुकला आहे असे मन सांगते, पण का चुकला ते मला मांडता येत नाही. सगळेच थांबवले तर हंगाम हातचा जाईल, तेव्हा आधी काय थांबवावे हे जाणकारांनी सांगावे.

औशाचा गॅरेजवाला

तुमच्या वहीत एक रकाना कमी आहे. प्रत्येक नोंदीसमोर, चूक झालीच तर सावरायला किती वेळ मिळतो, हे लिहा आणि क्रम पुन्हा लावून पाहा.

पीटीओ मिनिटाला ५४० फेरे फिरतो, म्हणजे सेकंदाला नऊ. शाफ्टचा घेर वीतभर धरला तरी पदर, उपरणे किंवा सदऱ्याची बाही अडकल्यावर एका सेकंदात नऊ वीत, म्हणजे जवळजवळ दोन मीटर कापड त्यावर गुंडाळले जाते. माणसाला काही कळून त्याचा हात हलेपर्यंत अर्धा-पाऊण सेकंद जातो. तेवढ्यात बाही संपलेली असते आणि हाताची पाळी आलेली असते. चालकाने ओरडणे ऐकून क्लच दाबेपर्यंत जे व्हायचे ते झालेले असते. भुशाच्या बाबतीत तुम्ही डोळा चोळता, धुता, वाटल्यास दवाखान्यात जाता, इतका फरक त्या दोन ओळींमध्ये आहे.

दुसरी गोष्ट आपल्या काळ्या रानाची आहे. पावसाळ्यात मागची चाके रुतली की चाकापुढे ओंडका किंवा दगड अडकवून खालच्या गिअरमध्ये जोर लावायची खोड सगळ्यांना असते. चाक अडकून फिरेनासे झाले की इंजिनाचा जोर कुठे जाणार? तो ट्रॅक्टरच मागच्या अक्षाभोवती वर उचलतो. साखळी हूकला न लावता वर, टॉप लिंकच्या (औजार जोडायच्या वरच्या दांड्याच्या) जागी बांधली असेल तर हे आणखी लवकर होते. पुढची चाके उचलल्यापासून ट्रॅक्टर चालकावर पालथा पडेपर्यंत साधारण दीड सेकंद लागतो. रुतलेला ट्रॅक्टर आधी रिव्हर्समध्ये काढून पाहावा, नाहीतर चाकामागची माती खणावी, आणि तेही जमत नसेल तर औजार सोडून दुसऱ्या ट्रॅक्टरने ओढून घ्यावा.

स्टार्टरची टोके बाहेरून जोडली की क्लच दाबल्याशिवाय सेल्फ लागू न देणारा स्विच निरुपयोगी ठरतो. गिअर चुकून पडलेला असेल तर इंजिन सुरू होताक्षणी मागचे मोठे चाक पुढे येते आणि तुम्ही नेमके त्याच्या समोर उभे असता. रोटाव्हेटरचेही तसेच आहे. औजार उचलून धरणाऱ्या हायड्रॉलिकच्या भरवशावर खाली झोपू नये, जाड लाकडी ठोकळे लावावेत आणि चावी खिशात ठेवावी, कारण लिव्हरला हात लावणारे पोर कुठून येईल सांगता येत नाही.

राहिला वीस वर्षांचा प्रश्न. या वीस वर्षांत कोणाचा पदर किती वेळा शाफ्टपासून चार बोटांवरून गेला, याची नोंद तुमच्या चालकाने ठेवलेली नाही, आणि ती ठेवता येण्यासारखीही नाही.

हळदवाली, वसमत

गॅरेजवाल्या दादांचा हिशेब मला पटला, पण तो चालकाच्या सीटवरून केलेला आहे. सावरायला किती वेळ मिळतो, याच्याआधी सावरण्याचे साधन कोणाच्या हातात आहे, हे विचारावे असे मला वाटते. चालकाजवळ ब्रेक आणि क्लच असतो, निदान उडी मारण्याची संधी असते. ट्रॉलीत दाटीवाटीने बसलेल्या बायांजवळ यातले काहीच नसते. ४ एप्रिल २०२५ रोजी नांदेड जिल्ह्यातील आलेगाव शिवारात मजुरांना घेऊन जाणारा ट्रॅक्टर विहिरीत कोसळून सात महिलांचा मृत्यू झाला. त्या आमच्याच तालुक्यातील गुंज गावच्या होत्या. तेव्हापासून कठडा नसलेल्या विहिरीजवळून ट्रॉली जाणार असेल तर मी बायांना आधी उतरवते आणि त्या चालत पुढे जातात. दहा मिनिटे मोडतात आणि मुकादम कुरकुर करतो, तो करू द्यावा.

मळणी यंत्राचेही असेच आहे. काड घालायचे तोंड किमान ९० सेंटीमीटर लांब असावे आणि त्यातला यंत्राकडचा ४५ सेंटीमीटर भाग वरून झाकलेला असावा, असे भारतीय मानक सांगते, म्हणजे हात आतल्या दात्यांपर्यंत पोहोचूच नये. मळणी यंत्रांसाठी १९८३ सालापासून धोकादायक यंत्रांच्या नियमनाचा स्वतंत्र कायदाही आहे. प्रत्यक्षात ओले सोयाबीन तुंबते म्हणून मालक ते झाकण कापून टाकतो, आणि तोंडाशी उभी असते ती रोजाने आलेली बाई, जिला ते झाकण कापले गेल्याचे माहीतही नसते. साडीवर पूर्ण बाह्यांचा सदरा घालण्याची आमच्याकडची पद्धत पदर सांभाळायला चांगली आहे, मात्र हडंब्यापाशी उभे राहताना बाहीची बटणे लावलेली हवीत.

आणखी एक सांगते. शेतकऱ्यांसाठीच्या गोपीनाथ मुंडे अपघात सानुग्रह अनुदान योजनेत सातबाऱ्यावर नाव असलेला शेतकरी आणि त्याच्या कुटुंबातील एक सदस्य येतो; मृत्यू झाल्यास दोन लाख रुपये मिळतात. भूमिहीन मजूर बाई त्यात येत नाही. मडगार्डवर किंवा ट्रॉलीत माणसे बसवली असतील तर विम्याचा दावाही अडतो. तुमच्या वहीत हा रकानाही घ्या, दादा.

जेसीबीवाला, केज

वरच्या दोन्ही उत्तरांत न बसणारा एक प्रकार मी धारूरच्या घाटात पाहतो. उसाने भरलेल्या दोन ट्रॉल्या घेऊन उतरणाऱ्या ट्रॅक्टरला सावरायला वेळ भरपूर असतो, अगदी पाच-सात मिनिटे, पण तो वेळ हातातून जात आहे हे चालकाच्या लक्षात येत नाही. ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतात, मागचे ओझे ट्रॅक्टरला ढकलत राहते, ब्रेक तापून हळूहळू ढिले पडतात आणि तेव्हा गिअर खाली आणायला जावे तर तो पडत नाही. म्हणून गिअर घाटाच्या वरच पाडून घ्यावा, न्यूट्रल कधीही करू नये, आणि रानात वळण्यासाठी सुटे ठेवलेले दोन ब्रेक पेडल रस्त्यावर येताच पट्टीने जोडावेत. ही पट्टी न लावता जोरात ब्रेक दाबला की एकच चाक धरते आणि ट्रॅक्टर आडवा होतो.

माझ्या यंत्राबद्दल थोडक्यात सांगतो. बकेट बाजूला फिरते तेव्हा बूमच्या, म्हणजे बकेट उचलणाऱ्या लांब हाताच्या, आड उभा असलेला माणूस मला दिसत नाही. शेततळ्याच्या कामावर मालक, त्याचा भाऊ आणि बघे असे सगळे हातवारे करतात. मी एकाच माणसाचा इशारा मानतो आणि तो माणूस दिसेनासा झाला की यंत्र थांबवतो. बूम विजेच्या तारेला लागलाच तर खाली उतरू नये, केबिनमध्येच बसून वीज बंद करवून घ्यावी आणि कोणालाही यंत्राजवळ येऊ देऊ नये. आगच लागली तर दोन्ही पाय जुळवून, यंत्र आणि जमीन यांना एकाच वेळी स्पर्श होणार नाही अशी उडी मारावी आणि पाय न उचलता सरकत दूर जावे.

जिंतूरचा शेतकरी

सर्वांचे आभार. वही नव्याने लिहिली. शाफ्ट, रुतलेले चाक आणि ट्रॉलीतली माणसे वर आली, भुसा खाली गेला. सेल्फचा स्विच काल बदलून घेतला आणि त्यावर चालकाने काही वाद घातला नाही. उलट त्यालाच खाली उतरायचा कंटाळा होता असे दिसते. शाफ्ट झाकणारे कव्हर बसवायचे म्हटले, तर त्यावर मात्र तो अडून बसला आहे. पूर्वीचे कव्हर त्यानेच काढून टाकले होते, कारण ते असले की ग्रीस भरायला पंप आत जात नाही. त्याचे म्हणणे मला अगदीच खोटे वाटत नाही.

औशाचा गॅरेजवाला

खोटे नाहीच. बहुतेक कव्हर याच कारणाने निघतात. ग्रीससाठी छिद्र ठेवलेले कव्हर मागून घ्या. लांबी अंदाजाने सांगू नका. इंजिन बंद ठेवून, रोटाव्हेटर जमिनीवर टेकलेला असताना एकदा आणि पूर्ण उचलून ठोकळ्यांवर ठेवल्यावर एकदा, अशी दोन मापे घ्या, कारण उचलताना शाफ्ट आत-बाहेर सरकतो आणि आखूड कव्हरमधून जॉइंट उघडाच राहतो. मापे घ्यायला चालकालाच सांगा.