मादाम द सेव्हिन्येची पत्रं वाचायलो, त्यातलं संगीत कुठून ऐकायला सुरू करू?

परभणीकर:
चौदाव्या लुईच्या काळातली ही फ्रान्समधली सरदार घराण्यातली बाई. लेक 1671 ला नवऱ्याकडं लांब प्रोव्हान्सला गेली अन् हिनं तिला पत्रांवर पत्रं लिहिली, दरबारात कोण काय बोललं, कुणाचं लग्न ठरलं, सगळं त्यात. मधीच राजाच्या दरबारातला संगीतकार लुली, त्याच्या संगीताचा विषय निघतो अन् बाई एकदम हळवी होते. माझे कान भजनावर अन् नाट्यगीतांवर वाढलेले, युरोपचं जुनं संगीत कधी ऐकलंच नाही. तिनं ऐकलेलं आज ऐकायला मिळतं का?

गोदाकाठ:
मिळतं की, यूट्यूबवर आहे. लुलीचा 'आल्सेस्त' हा ऑपेरा, म्हणजे गाण्यातलं नाटक, घ्या. 1673 च्या डिसेंबरात ती लिहिते की तालमी चालू आहेत अन् राजा म्हणतो मी पॅरिसात असलो तर रोज बघायला जाईन. मग जानेवारी 1674 च्या पत्रात सांगते की काही जागा ऐकून रडू आलं, तिची मैत्रीण लेखिका मादाम द ला फायेत, तिचीही तीच गत. आपल्याकडं रायगडावर राज्याभिषेक झाला तेच साल बघा. तिसऱ्या अंकात आल्सेस्त नवऱ्यासाठी जीव देते, त्यानंतरचा शोकाचा कोरस आधी ऐका.

अंबाजोगाईची:
आख्खा ऑपेरा नवीन माणसाला जड जातो हो, मी तर म्हणेन आधी लुलीचं 'मिझेरेरे' लावा, चर्चमधलं प्रार्थनेचं गाणं आहे ते. 1672 ला राजाचा मोठा मंत्री चान्सलर सेगिए वारला, त्याच्यासाठी चर्चमधे मोठा विधी झाला, तिथं तिनं हे ऐकलं अन् लेकीला कळवलं की स्वर्गात याहून वेगळं संगीत असेल असं वाटत नाही. संथ आहे, एक आवाज पुढं होतो मग सगळे मिळून उचलतात, भजनात बसलेल्या माणसाला ते लगेच धरतं. अन् एक ध्यानात घ्या, ही लेक लग्नाआधी दरबारच्या बॅलेत खुद्द राजासोबत नाचलेली, म्हणून आई तिला फोड करून सांगत बसत नाही, दोन ओळीत मोकळी होते. मला तरी त्या दोन ओळीच लई आवडतात.

परभणीकर:
मिझेरेरे लावलं. मधी उठावंच वाटंना. तिच्या म्हातारपणी काही आहे का असं?

गोदाकाठ:
आहे ना, 1689 चं सँ-सीरचं पत्र काढा, व्हर्सायजवळचं गाव ते. नाटककार रासिनचं 'एस्तेर' हे नाटक, संगीत मोरो नावाच्या संगीतकाराचं, काम करणाऱ्या सगळ्या तिथल्या शाळेतल्या पोरी. खेळ संपल्यावर राजा स्वतः तिच्याजवळ येऊन बोलला, ते तिनं लेकीला बारीकसारीक सगळं लिहून कळवलंय.