एसओसी अ‍ॅनालिस्टच्या पहिल्या मुलाखतीत नेमके काय तपासतात?

सिंहगडरोडकर:
नमस्कार. मी यंदा संगणकशास्त्रात बी.एस्सी. पूर्ण केले असून खराडीतील एका कंपनीत एसओसी अ‍ॅनालिस्ट, एल-१ (सायबर हल्ल्यांवर नजर ठेवणाऱ्या केंद्रातील पहिल्या स्तराचा विश्लेषक) या पदासाठी पुढील आठवड्यात माझी मुलाखत आहे. नेटवर्किंगची मूलतत्त्वे पक्की आहेत. प्रत्यक्ष कामाचा अनुभव मात्र नाही. क्लासमध्ये काली लिनक्स या सुरक्षा चाचणीच्या प्रणालीतील हल्ल्याची साधनेच अधिक शिकवली गेली. मुलाखतीत त्यांविषयी विचारतात, की पोर्ट क्रमांक (कोणती सेवा कोणत्या क्रमांकावर चालते ते) पाठ करून जावे? अनुभवी मंडळींनी कृपया मार्गदर्शन करावे.

लॉगवाचक:
हिंजवडीत अशा मुलाखती मी नियमितपणे घेतो. २२, ५३, ४४३, ३३८९ हे पोर्ट माहीत असणे आम्ही गृहीतच धरतो; त्यावर निवड होत नाही. माझा ठरलेला प्रश्न असा: मध्यरात्री एका विंडोज सर्व्हरवर एकाच आयपी पत्त्यावरून ४६२५ या इव्हेंटच्या शेकडो नोंदी आल्या आणि त्यापाठोपाठ ४६२४ ची एकच नोंद दिसली, तर आपण काय कराल? पहिला क्रमांक फसलेल्या लॉगिनचा आणि दुसरा यशस्वी लॉगिनचा, एवढे सांगून बरेच उमेदवार थांबतात. काही जण तर थेट सर्व्हर बंद करायला निघतात, जणू तो ग्राहकाचा नसून त्यांच्या घरचा आहे. मला ऐकायचा असतो तो विचारांचा क्रम: पत्ता आतला की बाहेरचा, लॉगिनचा प्रकार १० म्हणजे रिमोट डेस्कटॉपचा आहे का, खाते माणसाचे की एखाद्या सेवेचे, पासवर्ड नुकताच बदलल्यामुळे जुना पासवर्ड कुठे साठून राहिला असेल का, लॉगिननंतर ४७२० म्हणजे नवे खाते तयार झाल्याची नोंद आहे का, आणि हे सारे वरच्या स्तराला कोणत्या शब्दांत कळवायचे. एल-१ चे निम्मे काम नेमके लिहिण्याचे असते, हे क्लासवाले सांगत नाहीत. हल्ल्याची साधने ठाऊक असली तर उत्तमच, पण त्यांची खूण लॉगमध्ये, म्हणजे यंत्रणेने आपोआप ठेवलेल्या नोंदींत, कशी उमटते हेही सांगता आले पाहिजे.

रात्रपाळी_मगरपट्टा:
वरील उत्तराशी सहमत आहे. माझ्या मुलाखतीत एका संशयित ईमेलचे हेडर, म्हणजे तो कुठून कसा आला याची तांत्रिक माहिती, समोर ठेवले होते. एसपीएफ आणि डीकेआयएम (ईमेल खरोखर त्या डोमेनकडून आला का, हे पाहणाऱ्या तपासण्या) दोन्ही ‘पास’ दिसत होते, तरीही तो ईमेल फिशिंगचाच होता. हल्लेखोराने मूळ नावाशी मिळतेजुळते डोमेन स्वतः विकत घेऊन त्यावर या नोंदी रीतसर केल्या, तर तपासणी उत्तीर्ण होणारच. शिवाय, पुण्यातील मुलाखत असल्यामुळे कॉसमॉस बँकेवरील ऑगस्ट २०१८ चा हल्ला अवश्य वाचून जावे. सुमारे ९४ कोटी रुपये गेले हा आकडा सर्वांनाच पाठ असतो, परंतु बनावट स्विच (एटीएमचे व्यवहार बँकेच्या प्रणालीकडे पोहोचवणाऱ्या यंत्रणेची नक्कल) परस्पर व्यवहार मंजूर करत असताना त्यांची विचारणा मुख्य बँकिंग प्रणालीपर्यंत पोहोचतच नव्हती, ही तफावत कशी पकडता आली असती, यावर चर्चा रंगते. सर्ट-इन या केंद्र सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशांनुसार सायबर घटना सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस जपावे लागतात, हेही विचारले जाते.

सिंहगडरोडकर:
मनःपूर्वक आभार. अनुभवाची उणीव आठवडाभरात थोडीफार भरून काढता येईल का?

लॉगवाचक:
येईल. लॅपटॉपवर दोन व्हर्च्युअल मशीन (आभासी संगणक) उभी करा, एकावर वाझू हे लॉग तपासून अलर्ट देणारे मोफत साधन आणि दुसऱ्यावर विंडोज व तिथले लॉग वाझूकडे पाठवणारा एजंट बसवा, आपल्याच खात्यावर मुद्दाम चुकीचे पासवर्ड वापरून अलर्ट येतो का ते पाहा, आणि त्यावर एका पानाचा अहवाल लिहून सोबत न्या. हा प्रयोग फक्त स्वतःच्या मशीनवर करावा. दुसऱ्याच्या यंत्रणेवर परवानगीविना केल्यास माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम ६६ लागू शकते.

रात्रपाळी_मगरपट्टा:
एक व्यावहारिक बाब राहिली. एसओसी चोवीस तास चालते, म्हणून पाळ्या कशा बदलतात, रात्री ने-आण करण्यासाठी कॅब आहे का आणि बाँडवर सही करावी लागते का, हे एचआरच्या फेरीत आपणच विचारावे. ऑफर पत्र हाती आल्यावर विचारल्यास फारसा उपयोग होत नाही.