कोकणातलं जुनं चिऱ्याचं घर पाडायचं नाहीये, दुरुस्ती कुठून सुरू करू? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी, इथे बरीच वर्षं नुसती वाचत असते, धागा पहिल्यांदाच काढतेय. जरा लांबलाय, पण सगळं सांगितल्याशिवाय कोणाला नीट सुचवता येणार नाही म्हणून सविस्तर लिहिते.

आमचं घर दापोली तालुक्यात, आंजर्ल्याच्या बाजूला. पणजोबांनी बांधलेलं. जांभ्याचे चिरे, पण ते मातीत बसवलेले, वरून चुन्याचा गिलावा, भिंती चांगल्या दीड-पावणेदोन फूट जाड. पुढे ओटी, मग माजघर, देवघर, स्वयंपाकघर, मागे पडवी आणि वर माळा. ओटीचे चार खांब फणसाचे, तुळया सागाच्या, वासे बहुतेक ऐन-किंजळीचे असं बाबा सांगतात. माजघराला खिडकी नाही, वर एक काचेचं कौल आहे, त्यातून पडणारा उजेडाचा चौकोन सरकत सरकत उखळापाशी आला की आजी चहाचं आधण ठेवायची, घड्याळ बघताना तिला मी कधी पाहिलं नाही. आजी २०११ मध्ये गेली. तोपर्यंत घरात रोज चूल पेटायची, त्यानंतर आम्ही डोंबिवलीहून गणपतीत आणि मे महिन्यात जातो तेवढंच.

आता अडचणी. पहिली छपराची. ३ जून २०२० ला निसर्ग वादळ आलं तेव्हा पश्चिमेकडची जवळजवळ सगळी कौलं गेली. लॉकडाऊन चालू, आम्हाला जाता येईना, शेजारच्या काकांनी माणसं गोळा करून कशीबशी ताडपत्री टाकली म्हणून निदान भिंती वाचल्या. नंतर कौलं कुठेच मिळेनात, म्हणून त्या बाजूला पत्रे टाकले ते आजतागायत तसेच आहेत. पत्र्याखाली उन्हाळ्यात माळ्यावर पाय ठेववत नाही, आणि पत्रा जिथे कौलांना मिळतो तिथून पाणी आत येतं. तिथले पाच-सहा वासे टोकाला काळे पडलेत.

दुसरी अडचण भिंतींची, आणि मला सगळ्यात जास्त काळजी हिचीच आहे. २०१२ च्या उन्हाळ्यात आम्हीच हौसेने घराची दुरुस्ती काढली होती. बाहेरून चार फुटांपर्यंत सिमेंटचा गिलावा, आतून तेवढ्याच उंचीपर्यंत सिमेंट आणि वर ऑइल पेंट, शिवाय दर वर्षी अंगण करायला माणूस मिळत नाही म्हणून अख्ख्या अंगणात काँक्रीट. दोन-तीन वर्षं छान दिसलं. आता अशी अवस्था आहे की सिमेंट जिथे संपतं त्याच्या वर ओल चढलीये, लोणा लागलाय, हात फिरवला की पांढरी भुकटी हाताला येते. सिमेंटवर बोटाने टकटक केलं तर कितीतरी ठिकाणी पोकळ आवाज येतो. देवघराच्या मागच्या भिंतीवरचा एक पोपडा मागच्या मे महिन्यात आपोआप पडला, आत बघितलं तर चिऱ्यांच्या मधली माती ओली, चक्क बोटाने उकरता येत होती, आणि हे मे महिन्यात! चुन्याचा गिलावा होता तोवर या भिंतीला असं काही झालेलं बाबांना आठवत नाही.

तिसरी गोष्ट, ओटीचा उजवीकडचा शेवटचा खांब तळखड्यापाशी कुजलाय. स्क्रू ड्रायव्हर टोचला तर दोन इंच आत गेला. वरचा भाग मात्र एकदम टणक, खिळा ठोकायला गेलं तर वाकतो. वाळवीची मातीची नळी भिंतीवरून माळ्याकडे गेलेली दिसते, ती जिवंत आहे का जुनी ते कळत नाही.

तीन मिस्त्री दाखवून झाले. एक म्हणाला सगळं पाडा, चिरे आणि लाकूड विकून पैसे येतील, त्यात भर घालून स्लॅबचं घर बांधा. दुसरा म्हणाला भिंती राहू दे, छप्पर काढून वर स्लॅब टाकू, साडेआठ लाख. तिसरा म्हणाला सगळं सिमेंट काढून नवीन वॉटरप्रूफ सिमेंट मारू. चुन्याचं काम करणारा एकही भेटला नाही, चुना म्हटलं की तिघंही म्हणाले ताई आता कोण करतं ते. माझा चुलत भाऊ पण स्लॅबच्याच बाजूने आहे आणि त्याचं अगदीच चूक आहे असं मी म्हणणार नाही, कारण दर वर्षी शाकारणीला, म्हणजे पावसाआधी कौलं नीट लावून घ्यायला, गडी शोधत फिरणं त्याच्याच वाट्याला येतं, मी लांबून बोलते. पण मला ते घर पाडायचं नाहीये. बाबा ७६ वर्षांचे आहेत, स्लॅबचा विषय निघाला की ते काही बोलत नाहीत, उठून ओटीवर जाऊन बसतात.

तर जाणकारांनी कृपया सांगा, सिमेंटचा गिलावा काढावा का आणि काढला तर मातीतली भिंत उघडी पडून ढासळणार तर नाही? पत्रे काढून परत कौलं घालायची तर जुन्या कौलांना नवी जुळतात का? खांब बदलायचा की नुसता खालचा भाग दुरुस्त होतो? आणि पावसाआधी हातात जेमतेम सहा-सात आठवडे आहेत, दोन-अडीच लाखांच्या वर आत्ता जमणार नाही, तर आधी काय करू?

एक कुतूहल म्हणून, उरलेल्या कौलांच्या पाठीवर बासेल मिशन असं इंग्रजीत कोरलंय आणि १८६५ साल आहे. म्हणजे आमचं घर तेवढं जुनं आहे का? बाबांच्या हिशोबाने एवढं जुनं नसावं. आजोबा सांगायचे की कौलं गलबताने हर्णै बंदरात उतरवून तिथून बैलगाडीने आणली होती.

आधीच आभार मानते.

प्रतिसाद

ताई, मी गुहागरकडचा. आमचं घर असंच होतं, चार वर्षं थोडं थोडं करत उभं केलंय, त्यात ज्या चुका केल्या त्यासकट सांगतो.

आधी कौलाचं. १८६५ हे तुमच्या कौलाचं वर्ष नव्हे, बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनने मंगळूरला कौलांचा कारखाना काढला ते वर्ष. तो शिक्का पुढे कित्येक वर्षं तसाच मारत होते. पण पहिल्या महायुद्धात इंग्रजांनी त्या मिशनचे कारखाने ताब्यात घेतले आणि पुढे ते कॉमनवेल्थ ट्रस्टकडे गेले, त्यामुळे बासेल मिशन नावाचं कौल असेल तर ते शंभरी ओलांडलेलं आहे असं बिनधास्त समजा. म्हणजे बाबांचा हिशोब बरोबर असणार. त्यातलं एकही फेकू नका. प्रत्येक कौल हातात धरून बोटाच्या पेराने वाजवा, खणखणीत वाजलं तर चांगलं, बद्द वाजलं तर त्याला तडा गेलेला असतो, डोळ्याला दिसो न दिसो. शेवाळ नुसत्या पाण्याने आणि काथ्याने घासा, अॅसिड लावू नका.

नवी कौलं जुन्यांना नीट जुळत नाहीत, प्रत्येक कारखान्याच्या खाचा थोड्या वेगळ्या असतात, मिसळली की बरोबर त्या सांध्यातून पाणी येतं. आम्ही ही चूक केली होती. जुनी सगळी एका बाजूला घ्या आणि दुसऱ्या बाजूला एकाच कारखान्याची नवी घाला. तालुक्यात कोणी जुनं घर पाडतंय का यावर कान ठेवा, दुर्दैवाने दर उन्हाळ्यात दोन-चार पाडतातच, तिथे जुनी कौलं आणि जुनं पक्कं लाकूड दोन्ही मिळतं.

आता भिंत. मातीत बसवलेल्या चिऱ्यांवर स्लॅब अजिबात टाकू देऊ नका. ती भिंत कौलांचं वजन घ्यायला बांधलीये, स्लॅब टाकायचा तर सिमेंटचे वेगळे कॉलम उभे करावे लागतात, साडेआठ लाखात ते धरलेत का विचारा त्या मिस्त्रीला. आणि तिसऱ्याचं वॉटरप्रूफ सिमेंट म्हणजे आत्ता जे झालंय तेच पुन्हा, अजून घट्ट करून. जांभा सच्छिद्र असतो, पाणी पितो आणि परत सोडतो. चुन्यातून ते बाहेर निघून जायचं, सिमेंटमधून निघत नाही, म्हणून जिथे वाट मिळते तिथे, म्हणजे सिमेंटच्या वर, ते बाहेर पडतं आणि क्षार तिथे ठेवून जातं. तोच तुमचा लोणा.

गिलावा काढायचा, पण ब्रेकर मशीन लावून नाही. छिन्नी-हातोडीने, पोकळ वाजतो तिथून सुरुवात करून, एका वेळी तीन-चार फूट रुंदीचाच पट्टा. जो घट्ट धरून बसलाय तो या वर्षी राहू द्या, ओढून काढलात तर चिऱ्याची कड घेऊन येईल. आधी आतला काढा, ऑइल पेंटसकट, म्हणजे पावसाची झड न लागता आतून भिंत सुकायला लागेल. बाहेर जिथे उघडी पडेल तिथे सांध्यात तीच लाल माती थोडा चुना घालून दाबून भरा आणि पावसाळ्यापुरती पुढे माडाची विणलेली झापं बांधा. नवा चुन्याचा गिलावा आत्ता करूच नका. भिंत ओली आहे आणि चुना सावकाश, हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत घेत घट्ट होतो, त्याला सिमेंटसारखी घाई चालत नाही. दिवाळीनंतर करा, एक भाग मुरवलेला चुना आणि तीन भाग नदीची धुतलेली वाळू, खाडीची किंवा समुद्राची बिलकुल नको, नाहीतर मीठ तुम्हीच भिंतीत भरल्यासारखं होईल. पातळ थर, एकावर एक, आणि मध्ये पाण्याचा हबका मारत राहायचं.

खांब अख्खा बदलू नका. तुळईला दोन बाजूंनी टेकू देऊन कुजलेला भाग कापायचा आणि जुन्या फणसाचाच तुकडा लांब तिरक्या सांध्याने खाली बसवायचा. होड्या दुरुस्त करणारे सुतार हे काम घर बांधणाऱ्या सुतारांपेक्षा चांगलं करतात, हर्णैला विचारा. वाळवीची नळी मधेच दोन इंच मोडून ठेवा, आठवड्याने परत जोडलेली दिसली तर जिवंत आहे.

पण ताई, हे सगळं करायच्या आधी एक तपासा. तुम्ही अंगणात काँक्रीट केलं म्हणता, ते जुन्या अंगणाच्या वर ओतलंय का खणून मग ओतलंय? आणि त्याचा उतार कुठे आहे? मला तिथेच शंका आहे. पागोळ्यांचं पाणी मातीत पडलं तर जिरतं, काँक्रीटवर पडलं तर उडून भिंतीला लागतं, आणि अंगण उंच झालं असेल तर ते जोत्यालाच जाऊन बसतं. एक बादली ओतून बघा पाणी कुठे जातं ते.

प्रतिसाद

वरच्या प्रतिसादात सगळं आलंय, मी फक्त कागदांचं सांगते. घर सामाईक असेल तर खर्च करायच्या आधी चुलत भावाबरोबर बसून लेखी करा की कोण किती घालतंय आणि पुढे वाटणीत त्याचा हिशोब कसा धरायचा. घरपट्टीचा उतारा कोणाच्या नावावर आहे, वारस नोंद झालीये का तेही ग्रामपंचायतीत बघून घ्या. आमच्याकडे घर उत्तम दुरुस्त झालं आणि भावाभावांचं बोलणं बंद झालं, म्हणून मुद्दाम लिहिलं.

धागाकर्ती

गुहागरवाले दादा, तुमचा प्रतिसाद मी बाबांना मोठ्याने वाचून दाखवला, मधे मधे ते नुसती मान हलवत होते. कौलाच्या वर्षाचं ऐकून फार खूश झाले. कागदांबद्दल लिहिणाऱ्या ताई, तुमचंही अगदी पटलं, भावाशी या शनिवारी तेच बोलणं काढलं.

आम्ही सगळे शनिवार-रविवार जाऊन आलो. बादली ओतली. पाणी तुळशीकडे जायच्या ऐवजी सरळ फिरून ओटीच्या कोपऱ्याकडे आलं आणि तिथेच थांबलं, बरोबर त्या कुजलेल्या खांबाच्या खाली. मग बाबा म्हणाले आपल्या ओटीला तीन पायऱ्या होत्या. मला दोनच आठवतात, पण आत्याच्या लग्नाच्या फोटोत खरंच तीन आहेत, खालच्या पायरीवर आजोबा बसलेत. भावाने पहार घेऊन पायरीच्या कडेचं काँक्रीट फोडलं तर सात इंचांखाली तिसरी पायरी निघाली, जांभ्याचीच, मधोमध पायांनी झिजलेली. म्हणजे जोतं एवढं गाडलं गेलंय आणि भिंत गेली बारा-तेरा वर्षं त्या पाण्यात उभी आहे. भाऊ बराच वेळ तिथे उकिडवा बसून होता, मग म्हणाला स्लॅबचं पुढच्या वर्षी बघू, आधी हे काढू.

आता एवढंच सांगा. अख्खं काँक्रीट काढायला या बजेटमध्ये जमणार नाही, कारण पत्रे काढून कौलं घालायचं आधी धरलंय. तर यंदा फक्त भिंतीच्या चारी बाजूंनी तीन फुटांचा पट्टा फोडून, जुन्या अंगणाच्या पातळीपर्यंत खणून, तुळशीच्या बाजूने पाण्याला वाट काढून दिली तर चालेल का? त्या खणलेल्या जागेत नदीचे गोटे भरू का नुसती माती ठेवू? आणि फोडताना जोत्याला हादरे बसू नयेत म्हणून काँक्रीट आधी कटरने कापून घ्यावं का? भाऊ १ मेपासून गावी आहे, दोन गडी सांगून ठेवलेत.